तूप कोण खातं?

निमकरांच्या घरात कुणाचं हृदय बिघडलंच, तर ते श्यामरावांचं बिघडणार, याबद्दल कुणालाही शंका नव्हती. खुद्द श्यामरावांनाही नव्हती. त्यांचे थोरले बंधू मारुतीराव नागपूरला एका लग्नात पंगतीतून उठून हात धुवायला गेले आणि तिथेच कोसळले होते. तेव्हापासून श्यामराव कुठेही जेवून उठले की नातेवाइकांपैकी कुणीतरी उगाचच त्यांच्यामागे बेसिनपर्यंत जायचं.

त्यांचं खाणंही काळजी करण्यासारखंच होतं. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात ते अवर सचिव होते. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वीसेक वर्षं काढताना दिल्लीत कुठल्या गल्लीत कुणाचे भटुरे फुगतात आणि कुणाचे बसतात, हे त्यांना पाठ झालेलं होतं. पोट सुटलेलं, चेहरा लालबुंद, जिना चढताना दोन ठिकाणी थांबणं. मयूर विहारमधला सहकारी सोसायटीचा फ्लॅट अखेर ताब्यात आला, तो नेमका तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टचा खड्डा तयार होता, लिफ्ट यायची होती. तो खड्डा बघून श्यामराव म्हणायचे, "ही येईपर्यंत मी टिकलो म्हणजे मिळवलं."

त्यांची बायको भानुमती याच्या अगदी उलट. अंगाने काटकुळी, चालणं झपझप. बुधवारच्या बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन ती तीन मजले चढून यायची आणि पदराने घाम पुसत लगेच कुकर लावायची. सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी, सगळे उपवास. सोसायटीतल्या बायका तिच्याकडे बोट दाखवून आपापल्या मुलींना सांगायच्या, "देखो, आंटी को. एक किलो भी फालतू नहीं."

थोरले दीर असे गेल्यावर तिने नवऱ्याच्या फुलक्यावरचं तूप बंद केलं. ऑफिसला त्यांचा डबा ती स्वतः भरायची आणि संध्याकाळी डबा उघडून, श्यामरावांनी भाजी खाल्ली की कुणाला वाटली, याचा वास घेऊन अंदाज बांधायची. अशी ती त्यांच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवून होती.

शहाण्णव साली त्यांची मुलगी हेमांगी नोएडातल्या एका परदेशी कंपनीत लागली. त्या काळात अशी रोज एक नवीन कंपनी यायची आणि नोकरीबरोबर काय काय द्यायची. हेमांगीला एक चकचकीत पाकीट मिळालं. दक्षिण दिल्लीत नव्याने उघडलेल्या खासगी हॉस्पिटलात आईवडिलांची संपूर्ण तपासणी, दोघांची मिळून.

"बाबा, शनिवारी जायचं," तिने जाहीर केलं.

श्यामरावांचा चेहरा उतरला. "अगं, पण मला काही होत नाहीये."

"म्हणूनच. होण्याच्या आधी जायचं असतं."

"आणि माझं काय तपासायचंय?" भानुमती म्हणाली. "शनिवार माझा उपवासाचा. तू बाबांना घेऊन जा."

"आई, दोघांचं आहे ते. तू नाही आलीस तर तुझं तसंच फुकट जाणार."

भानुमती थांबली. वाया जाणं हा शब्द तिला सहन होत नसे. कालची पोळी, परवाचा भात, साबणाचे शेवटचे तुकडे, काही म्हणजे काही तिच्या घरातून वाया गेलेलं नव्हतं.

"फुकट म्हणजे? दुसऱ्या कुणाला नाही देता येणार?"

"नाही."

"चलो, मग येते," ती म्हणाली. "तेवढीच तुझ्या बाबांना सोबत."

हॉस्पिटल हॉटेलसारखं होतं. दारात कुंड्या, आत गार हवा, औषधांचा वास कुठेच नाही. हिंदूरावच्या सरकारी रुग्णालयात तासन् तास बाकावर काढलेल्या श्यामरावांना त्या स्वच्छतेचीच भीती वाटली. "इथे लोक आजारी दिसत नाहीत," ते कुजबुजले, "म्हणजे आत गेल्यावर करत असतील."

रक्त घेऊन झालं, छातीचा फोटो झाला, आणि मग दोघांना चालत्या पट्ट्याच्या यंत्रावर चढवायची वेळ आली. आधी श्यामराव. छातीला तारा चिकटवून, पोट सावरत ते चालू लागले. पट्टा वेगात आला, चढ वाढला, श्यामराव भोंग्यासारखे श्वास सोडू लागले. हेमांगी काचेबाहेर नखं खात उभी होती. तरुण डॉक्टर कागदाच्या पट्टीवरच्या रेघा बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, "बस, सर. वजन कमी करा. कोलेस्टेरॉल थोडं वर आहे. बाकी तुमचं हृदय उत्तम आहे."

श्यामरावांनी दोनदा विचारून घेतलं. "माझंच ना? अदलाबदल तर नाही झाली?"

मग भानुमती चढली. साडी घोट्यावर खोचलेली, पायांत हेमांगीचे कॅनव्हासचे बूट. ती हसत होती. यंत्र सुरू झालं तशी ती नेहमीसारखी झपझप चालू लागली. थोड्याच वेळात तिचं हसू गेलं. तिने एक हात दांडीवरून काढून जबड्याखाली धरला.

"दर्द हो रहा है, आंटी?"

"छे. ॲसिडिटी आहे. नेहमीचीच."

डॉक्टरने यंत्र थांबवलं. तिला खाली उतरवून पलंगावर निजवलं, जिभेखाली गोळी ठेवली आणि मोठ्या डॉक्टरांना बोलावून आणलं. "नेहमीची म्हणजे कधीपासून?" त्यांनी विचारलं.

भानुमतीने सांगितलं ते ऐकून श्यामराव खुर्चीत बसले. बाजारातून येताना दुसऱ्या मजल्यावर तिचा जबडा दुखायचा, पाठीत मधोमध काहीतरी दाबल्यासारखं व्हायचं. मग ती पिशव्या खाली ठेवून, कुणी बघत नाही ना हे पाहून, कठड्याला टेकायची. घरी येऊन ओवा चावायची. वर्षभर असं चाललं होतं. छातीत कधी दुखलं नाही, मग हृदयाचा संबंधच काय?

"बायकांना पुष्कळदा असंच होतं," डॉक्टर म्हणाले. "जबडा, पाठ, दम लागणं. म्हणून लक्षात येत नाही."

पुढच्या आठवड्यात रक्तवाहिन्यांची तपासणी झाली. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या दोन वाहिन्या आतून अरुंद झालेल्या निघाल्या. एक जवळपास अर्धी, दुसरी त्याहून जास्त. लगेच ऑपरेशन करण्याइतकं नव्हतं. गोळ्या, हळूहळू वाढवत न्यायचं चालणं आणि खाण्यात पूर्ण बदल. काही महिन्यांनी पुन्हा बघू, असं ठरलं. पडद्यावर काळी-पांढरी नळी आणि तिच्यातली ती चिमटलेली जागा डॉक्टरांनी दाखवली. श्यामराव तिकडे बघत बसले. वर्षानुवर्षं ती जागा आपल्या छातीत आहे असं ते धरून चालले होते.

खाण्याचं सांगायला मीनाक्षी मॅडम होत्या, हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञ. केसांत गजरा, बोलणं भराभर, हिंदीला तमिळची चाल. त्यांनी तिघांनाही समोर बसवलं.

"घरात तूप बनतं?"

"हो तर. साय साठवते ना मी," भानुमती म्हणाली. "दर आठवड्याला बरणीभर निघतं."

"कोण खातं?"

भानुमतीने श्यामरावांकडे पाहिलं.

"मी?" श्यामराव उसळले. "दादा गेल्यापासून माझ्या ताटाला तूप शिवलेलं नाही, मॅडम. खोटं वाटत असेल तर हिलाच विचारा."

"मला तुपाचा वासच आवडत नाही, यार," हेमांगी म्हणाली.

मीनाक्षी मॅडमनी पेन खाली ठेवलं. "घरात तीन माणसं. दोघं खात नाहीत. दर आठवड्याला बरणी संपते."

"देवापुढे दिवा असतो," भानुमती म्हणाली.

"केवढा मोठा?"

हेमांगीला हसू फुटलं. भानुमतीही ओशाळून हसली आणि मग एकेक गोष्ट बाहेर आली. नवऱ्याचं तूप बंद केलं तरी साय यायची थांबली नव्हती. ती टाकून कशी देणार? उपवासाची खिचडी तुपातली. बटाट्याचा कीस तुपातला. तूप कढवल्यावर पातेल्याच्या तळाशी जी खरपूस बेरी राहते, ती साखर घालून पातेल्यातच खायची, ही तर तिची लहानपणापासूनची आवड. हेमांगीने पिझ्झा आणला की कडा ती टाकून द्यायची, त्या आईच्या चहाबरोबर जायच्या. पाहुण्यांसाठी तळलेल्या पुऱ्या दुसऱ्या दिवशी सकाळी कोण संपवणार? आणि दुपारी चहाबरोबर खारी. दोन चमचे साखर, दिवसातून चारपाच चहा.

"आणि भाजी? डाळ?"

"भाजी असते की रोज. मी सगळ्यांचं झाल्यावर बसते ना. तोवर भाजी संपलेली असते." ती सहज म्हणाली. "मग लोणच्याबरोबर होतं माझं."

हेमांगी आपल्या पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत होती. श्यामराव आठवू लागले की भाजी पुन्हा वाढून घेताना आपण कधी पातेल्यात डोकावून पाहिलं होतं का. नव्हतं पाहिलं. भाजी चांगली झाली असं म्हणून तिसऱ्यांदा मात्र मागितली होती.

मीनाक्षी मॅडमचा आवाज मऊ झाला. त्यांनी सांगितलं की माणूस बारीक आहे म्हणून त्याच्या नळ्या स्वच्छ असतात असं नाही. लोणी-तुपाने, तळणाने रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं आणि ते वाहिनीच्या भिंतीत साठत जातं. साबुदाणा, बटाटा, साखर यांच्यात पोट भरतं, पण ज्याने ते कोलेस्टेरॉल उतरायला मदत होते तो चोथा नसतो. लोणच्या-पापडाच्या मिठाने रक्तदाब चढतो. डाळी, उसळी, पालेभाज्या, फळं, न चाळलेल्या पिठाची भाकरी-पोळी, मूठभर शेंगदाणे, मोजकं तेल हे हवं. तूप अगदीच वर्ज्य नाही, पण चमचाभर, बरणीभर नाही.

"पण पहिलं काम वेगळंच आहे," त्या म्हणाल्या. "आजपासून सगळ्यांबरोबर बसून जेवायचं. भाजी संपायच्या आधी."

"मग गरम फुलके कोण करणार?" भानुमतीने खऱ्याखुऱ्या काळजीने विचारलं.

श्यामराव घसा खाकरून म्हणाले, "मी."

श्यामरावांनी साठलेली रजा काढली. निवृत्तीला थोडे महिने होते आणि मंत्रालयात त्यांच्यावाचून काही अडत नव्हतं, ही गोष्ट त्यांना त्या निमित्ताने कळली. गॅस कसा पेटवायचा इथून त्यांची सुरुवात होती. पहिल्या दिवशी त्यांनी कुकरमध्ये डाळ लावली आणि पाणी घालायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी पाणी इतकं झालं की डाळ शोधावी लागली. फुलके निरनिराळ्या आकारांचे व्हायचे. भानुमती टेबलाशी बसून हाताची घडी घालून बघायची आणि उठायला गेली की ते लाटण्याने खुणावायचे, "बस. मॅडमनी सांगितलंय."

शिकले मात्र. महिन्याभरात मटकीला मोड कसे आणायचे ते त्यांना जमलं. पालकाची पातळ भाजी जमली. फोडणीला चमचा मोजून तेल घालताना ते चष्मा लावायचे.

एकदा ते बाजारातून एक डबा छातीशी धरून आले. वर लाल बदाम छापलेला आणि मोठ्या अक्षरांत "कोलेस्टेरॉलमुक्त". त्यात तळलेल्या शंकरपाळ्या त्यांनी पुढच्या भेटीला मीनाक्षी मॅडमसाठी नेल्या.

"कशात तळल्या?"

"बिनकोलेस्टेरॉलच्या तुपात!" श्यामराव अभिमानाने म्हणाले.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "निमकरजी, हे गोठवलेलं तेल आहे. वनस्पती तूप. कोलेस्टेरॉल तर कुठल्याच झाडाच्या तेलात नसतं. पण तेल असं कारखान्यात घट्ट केलं की ते नळ्यांना साध्या तुपाहूनही वाईट, असं आता दिसायला लागलंय. डब्यावर काय नाही हे लिहितात. काय आहे ते लिहीत नाहीत."

घरी आल्यावर श्यामरावांनी तो डबा सोसायटीच्या मेंटेनन्सवाल्याला गेटच्या बिजागऱ्यांना लावायला दिला.

भानुमती मुकाट्याने खायची, गोळ्या घ्यायची, सकाळी नवऱ्याबरोबर सोसायटीच्या भिंतीच्या कडेने फेऱ्या मारायची. पण ताटात तिचं मन नसायचं. श्यामरावांना ते दिसत होतं. एक दिवस त्यांनी विचारलं, "लग्नाआधी तू काय खायचीस गं?"

"बार्शीला?" भानुमती विचारात पडली. "ज्वारीची भाकरी. शेताकडून आलेली मेथी कच्चीच, नुसती निवडून. हुलग्याचं माडगं. शेंगदाण्याची चटणी. ताक. तूप कुठलं, सणाला असेल तेवढंच." तिचा चेहरा खुलला. "भाकरी खाऊन किती वर्षं झाली."

"मग इथे का नाही केलीस?"

"तुम्हाला आवडत नाही. पहिल्याच महिन्यात म्हणाला होतात, घशात अडकते."

श्यामराव दुसऱ्याच दिवशी ज्वारीच्या शोधात निघाले. मयूर विहारच्या दुकानदाराला ज्वारी म्हणजे गुरांचा चाराच ठाऊक होता. त्याने कौतुकाने विचारलं, "अंकल, भैंस कब ली?" श्यामराव ब्लू लाइन बसला लटकत जुन्या दिल्लीच्या धान्यबाजारात गेले, तिथे एका मारवाड्याकडे पांढरी शुभ्र ज्वारी मिळाली. ती घेऊन आले, सोसायटीमागच्या चिल्ला गावातल्या गिरणीत उभं राहून दळून घेतली.

भाकरी फुलक्यासारखी लाटता येत नाही, हे त्यांना परातीत हात घातल्यावर कळलं. पीठ गरम पाण्यात मळायचं, तळव्याने थापायचं, परात फिरवत राहायचं. पहिली फाटली. दुसरी उचलताना हातातच दोन झाली. तिसरी तव्यावर पडली ती दुमडून.

"पाणी लावा वरून. वरून! हलक्या हाताने," भानुमती खुर्चीतून ओरडत होती. "आता उलटा. आता थेट जाळावर."

ती भाकरी जाळावर गेली आणि टम्म फुगली. श्यामराव चिमटा हातात धरून नुसते बघत राहिले. मग त्यांनी ती तशीच वाफाळती भानुमतीच्या ताटात टाकली. शेजारी कच्ची मेथी, मटकीची उसळ, मुळ्याच्या चकत्या. भानुमतीने पहिला घास तोडला. डोळ्यांत पाणी आलं ते वाफेने, असं ती म्हणाली.

"कशी आहे?"

"जाड आहे," ती म्हणाली. "दुसरी घाला."

उपवासांवरून मात्र घरात बरीच वाटाघाट झाली. ती सोडायला तयार नव्हती. "साबुदाणा खा असं कुठल्या देवाने सांगितलं?" असं श्यामराव विचारायचे आणि ती कान बंद करायची. शेवटी एकादशी आणि चतुर्थी राहिली, बाकीचे गेले. त्या दोन दिवशीही फळं, ताक, मीठ बेताचं घातलेली भगर. "देवाने अजून तक्रार केलेली नाही," हेमांगी म्हणाली.

सगळं इतकं सुरळीत चाललं आणि दिवाळी आली.

श्यामरावांनी जाहीर केलं की यंदा फराळ होणार नाही. एका ओळीत, कुणाला न विचारता, फायलीवर शेरा मारावा तसं. शेजारच्या मिसेस सूद सकाळीच विचारून गेल्या होत्या, "भानुमतीजी, चकली कब बन रही है?" भानुमतीने भाजणीची बरणी काढून ओट्यावर ठेवली होती. श्यामरावांनी ती उचलून परत फळीवर ठेवली.

भानुमतीने ती पुन्हा खाली काढली. श्यामरावांनी पुन्हा वर.

"हात लावायचा नाही त्या बरणीला," भानुमती म्हणाली. तिचा आवाज इतका थंड होता की हेमांगी आपल्या खोलीतून बाहेर आली. "मी इतके दिवस ऐकलं. तुम्ही द्याल ते खाल्लं. पण हे घर माझं आहे की नाही? मिठाचा डबा कुठे ठेवलाय ते मला माहीत नाही. माझी कढई माळ्यावर टाकलीत. उद्या कुणी दारात आलं तर मी काय पुढे करू, दुधी?"

"अगं, तुझ्यासाठीच—"

"मला माहितेय माझ्यासाठी. म्हणून तर बोलता येत नव्हतं." ती खुर्चीवर बसली. "सरोजिनी नगरला नवीन गेलो, तेव्हा मला हिंदीत धड दोन वाक्यं येत नव्हती. बशीभर चकल्या घेऊन मी शेजारच्या दारात उभी राहिले. तशा माझ्या सगळ्या ओळखी झाल्या. तुमच्या ऑफिसात तुम्हाला नाव होतं. माझं नाव इथे होतं, या ओट्यापाशी. ते काढून घेऊन मला नुसती पेशंट केलीत."

श्यामरावांनी हातातल्या नॅपकिनची उगाच दोनतीनदा घडी केली. ते चिडले नव्हते; घाबरले होते. तिला निजवून गोळी दिली तो क्षण ते रोज एकदा तरी आठवत, आणि त्यानंतर डबे तपासत.

"मला दुसरं काही सुचलं नाही," ते अखेर म्हणाले. "दादाच्या वेळी कुणी काही करू शकलं नाही. तुझ्या वेळी निदान दुधी तरी शिजवता येत होता."

हे ऐकून भानुमतीला हसू आवरेना. हेमांगीनेही तोंडावर हात धरला. मग श्यामरावांनी बरणी फळीवरून काढली आणि तिच्यासमोर ठेवली.

त्या दिवशी संध्याकाळी दोघं बाजूबाजूला उभे होते. कढई माळ्यावरून उतरली होती. चकल्या तळल्या, पण एकच घाणा, ताज्या तेलात, आणि त्या सगळ्या बशांमध्ये घालून लगेच शेजारी गेल्या. पातळ पोह्यांचा चिवडा कोरडाच भाजून केला, डाळं आणि शेंगदाणे सढळ हाताने. भानुमतीने स्वतःसाठी एक चकली ठेवली, ती सगळ्यांबरोबर बसून, चहा बिनसाखरेचा, सावकाश खाल्ली. उरलेलं संपवायला काही उरलंच नाही.

त्यानंतर स्वयंपाकघर दोघांचं झालं. सकाळ श्यामरावांची, संध्याकाळ तिची. साय साठवणं बंद झालं; दूधच बिनसायीचं यायला लागलं. हेमांगी पिझ्झाच्या कडा स्वतः खाऊ लागली, आणि काही दिवसांनी पिझ्झाच कमी झाला. श्यामरावांच्या पट्ट्याला मोच्याकडून नवीन भोकं पाडून घ्यावी लागली.

फेब्रुवारीत पुन्हा तपासणी झाली. चालत्या पट्ट्यावर भानुमती आधीपेक्षा पुष्कळ जास्त वेळ चालली आणि जबड्याला हात गेला नाही. कोलेस्टेरॉल उतरलं होतं, रक्तदाबही. मोठे डॉक्टर म्हणाले, "नळ्या नव्या होत नाहीत, ताई. जे साठलंय ते तसंच आहे असं धरून चालायचं. गोळ्या सोडायच्या नाहीत. पण हृदयाला आता रक्त नीट पोचतंय. जे चाललंय ते चालू ठेवा." मीनाक्षी मॅडमना भानुमतीने भाकरीचं पीठ नेऊन दिलं. त्यांनी इडली कशी करायची ज्वारीची, ते सांगितलं.

त्याच महिन्यात सोसायटीची सहल निघाली. हिंदूरावच्या बाजूने बस वर चढली आणि सगळे रिजच्या झाडीभरल्या टेकडीवर उतरले. थंडी सरत आलेली, ऊन कोवळं, झाडांत मोर ओरडत होते. चढाच्या वाटेने मंडळी निघाली. मिसेस सूद पहिल्याच वळणावर दगडावर बसल्या. श्यामराव बऱ्यापैकी चालत होते. भानुमती घाई न करता, गोळ्यांची डबी पर्समध्ये ठेवून, एका लयीत सगळ्यांच्या पुढे गेली आणि वरच्या सपाटीवर सतरंजी अंथरून बसली.

जेवणाचे डबे उघडले. मिसेस सूदच्या डब्यात पुऱ्या होत्या, श्यामरावांच्या डब्यात त्यांनी पहाटे उठून थापलेल्या भाकऱ्या. इतक्यात झाडावरून एक थोराड माकड उतरलं आणि कुणाला काही कळायच्या आत श्यामरावांच्या डब्यातली भाकरी घेऊन फांदीवर गेलं. सगळे ओरडले. माकडाने भाकरी उलटीपालटी केली, वास घेतला, एक घास तोडला, नीट विचार करून चावला आणि भाकरी खाली टाकून दिली. ती श्यामरावांच्या पायाशी पडली. मग ते शांतपणे परत उतरलं आणि दोन पुऱ्या घेऊन गेलं.

भानुमती हसायला लागली. आधी पदराने तोंड झाकून, मग मोकळेपणी, शेवटी सतरंजीवर हात टेकून. तिला धाप लागली तसे श्यामराव धावले, गुडघ्यांवर बसले, तिची पर्स उघडू लागले.

"भानू, काय होतंय? दुखतंय का? कुठे दुखतंय?"

तिने त्यांचा हात धरला, डोळे पुसले आणि कशीबशी म्हणाली, "पोट."